शेजारच्या सीटवरचा माणूस

शुक्रवार, १६ जानेवारी
शॉम्बर्ग

चि. संग्राम,

तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर माझ्या मेसेजला निळी खूण येत नाही, म्हणून कागद घेतला. पत्र ब्लॉक करता येत नाही. फार तर न उघडता टाकून देशील. टाक. तुझा ॲन आर्बरचा पत्ता मी अबोलीने पाठवलेल्या फराळाच्या पार्सलवरून उतरवून घेतला होता, हे तिला माहीत नाही. तिला वाटतं, बापाचं आता वय झालं.

मी नोव्हेंबरपासून तुझ्या बहिणीकडे आहे. थंडी मरणाची आहे, गुडघा बरा आहे, तुझी भाची सिया मला मराठीत 'आजोबा' म्हणते आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलते. ही झाली खुशाली. आता मुद्दा.

या घरात काहीतरी शिजतंय. माझी सगळी नोकरी वीज मंडळाच्या भरारी पथकात गेली, हे तू विसरला असशील, मी नाही. मीटरमध्ये फेरफार केलेलं घर मी दारातच ओळखायचो, कारण तिथे चहाचा आग्रह फार व्हायचा. सध्या जावई यतीन मला चहाचा फार आग्रह करतोय.

परवा जेवताना म्हणाला, "बाबा, सनडेला आपण मॅचला जाऊ. प्लेऑफ आहे शिकागोत. तुम्हाला एक्सपिरियन्स म्हणून."

"कसली मॅच?"

"फुटबॉल."

इथला फुटबॉल हाताने खेळतात, एवढं मला कळलेलं आहे. मी विचारलं, हवा कशी असेल. "थोडा स्नो आहे," म्हणाला. तेवढ्यात सियाने फोनवर बघून सांगून टाकलं, "आजोबा, इट्स लाइक, अ स्टॉर्म."

आता बघ. ज्या जावयाने मला मागच्या आठवड्यात साधं टपालपेटीपर्यंत जाऊ दिलं नाही, "बाबा, बाहेर बर्फाची काच झालीय, पडाल" म्हणून, तो मला वादळात उघड्या मैदानावर नेऊन बसवणार? मी विचारलं, तिकिटं किती काढलीस. चार म्हणाला. आम्ही मोठी माणसं तीन. चौथं कुणाचं? अबोलीने भाताचा डाव भांड्यात सोडला आणि म्हणाली, "सियाचं." सिया म्हणाली, "नो वे, आय हेट फुटबॉल. मी सलोनीकडे चाललेय ना?" यतीनने मला आणखी भात वाढला. मी मागितला नव्हता.

माझे दोन संशय आहेत. एक म्हणजे, मला इथेच कायमचं ठेवून घ्यायचा यांचा बेत आहे आणि आधी मला या देशाची गोडी लावताहेत. दुसरा संशय तुझ्याबद्दल आहे. तो लिहीत नाही.

आईला जाऊन या उन्हाळ्यात तीन वर्षं होतील. तिच्या तेराव्याला, सगळे नातेवाईक पंगतीत बसलेले असताना तू एकच वाक्य बोललास, "बाबा, तुम्ही मला कळवायला हवं होतं." ती आजारी आहे हे तुला सांगितलं नव्हतं, कारण तुझ्या पीएचडीचा डिफेन्स, ती शेवटची परीक्षा, तोंडावर आला होता. ती गेल्यावर कळवलं. त्या वाक्यावर मी तेव्हा काही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण तेव्हापासून तू माझ्याशी बोललेला नाहीस, आणि याची नोंद माझ्याकडे आहे.

बाबा


सोमवार, १९ जानेवारी
शॉम्बर्ग

चि. संग्राम,

तूच होतास. नाही म्हणू नकोस. आख्खी मॅच मी तुझ्याकडे चोरून बघत होतो, खेळाकडे कमी.

स्टेडियम तळ्याला लागून आहे. तळं कसलं, समुद्रच. त्यावरून येणारा वारा कोटाच्या बटणांच्या भोकांतून शिरतो. दारावर विमानतळासारखी तपासणी. आत खायचं काही न्यायचं नाही, असं अबोली बजावत होती. मी तिच्या डब्यातले तिळाचे लाडू पिशवीत घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले होते. तिने डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून खास चिकीचा गूळ आणून केलेले, ते काय तिथल्या थंड सॅंडविचसाठी घरी ठेवायचे? त्यांच्या यंत्राला तीळ कळत नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांचे खिसे तपासले, या वयात माल लपवून आत गेलो. मजा आली, खोटं कशाला सांगू.

मैदान नुसतं पांढरं. रेषा कुठे आहेत, पत्ता नाही. खेळ थांबला की माणसं पाठीवर फुंकणी यंत्रं घेऊन धावत येतात आणि रेषांवरचा बर्फ उडवतात. ती आत जाईपर्यंत रेषा परत गायब. खेळाडू घसरतात, एकमेकांच्या अंगावर ढिगाने पडतात, आणि त्या ढिगाखाली चेंडू कुणाकडे आहे यावर वाद. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे पंच पिवळा रुमाल फेकतात. पण पंचांवरही कुणाचा भरवसा नाही. संघाचा कोच लाल रुमाल फेकतो, मग पंच जाऊन व्हिडिओ बघतात आणि आपलाच निकाल फिरवतात. हे मला फार आवडलं. या देशात आपल्या विचारांची माणसं आहेत, असं पहिल्यांदा वाटलं.

माझ्या डावीकडची सीट रिकामी. यतीन सारखा जिन्याकडे बघायचा. अबोली हातमोजा काढून फोन बघायची, परत घालायची. मी विचारलं, कुणी यायचंय का? "नाही हो बाबा," दोघं एकदम म्हणाले. एकदम! साक्षीदार एकदम बोलले की समजावं, घरून ठरवून आलेत.

आणि मग तू आलास. शिकारी घालतात तसला जाड तपकिरी पोशाख, तोंडावर फडकं, डोळ्यांवर बर्फाचा चष्मा. सीटवरचा बर्फ कोपराने लोटलास आणि बसलास. यतीनने काही बोलायला तोंड उघडलं तर अबोलीने त्याचा गुडघा दाबला. हे मी पाहिलं.

दहावीला अभ्यास करताना तुझा उजवा पाय सारखा हलायचा, टेबल हलायचं, आई ओरडायची. तो पाय हलत होता. एकदा तू उठून ओरडायला लागलास तेव्हा मी मराठीत म्हटलं, "खाली बस, पडशील." तू बसलास. मी काहीच दाखवलं नाही. मग लाडू काढला. अमेरिकन माणसाला काहीही द्या, तो आधी विचारतो, यात काय आहे, दाणे आहेत का, माझ्या पोटाला चालेल का. तू काही विचारलं नाहीस. फडकं वर केलंस, तोंड उघडलंस, मी लाडू तोंडात घातला. दाढी ठेवलीयस. बर्फाने पांढरी झाली होती. 'गोड बोल' माझ्या जिभेवर आलं आणि मी थांबलो. जो बोलतच नाही त्याला गोड बोल काय म्हणायचं?

तिसऱ्या डावात आवाज एवढा झाला की शेजारच्यालाही ऐकू येऊ नये. मला तसंच हवं होतं. मैदानाकडे तोंड ठेवून मी तुला जे सांगितलं, ते तू ऐकलंस हे मला माहीत आहे, कारण तुझा पाय हलायचा थांबला. तरी परत सांगतो, गैरसमज नको. शपथ सुलभाने, तुझ्या आईने, घातली होती. रिपोर्ट आला त्याच दुपारी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, संग्रामचा डिफेन्स होईपर्यंत त्याला एक अक्षर कळता कामा नये. मी भांडलो. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती ऐकेना. आणि तेराव्याला मी हे तोंडातून काढलं नाही, कारण गेलेल्या आईवर पोराने रागवू नये. माझ्यावर रागव. मी आहे अजून.

तेवढ्यात आपल्या बाजूचा टचडाउन झाला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. तू मला मिठी मारलीस. बर्फ माझ्या कॉलरमध्ये गेला. सुलभा गेल्यापासून मला इतकं घट्ट कुणी धरलं नव्हतं. मी रडलो, आणि ते कुणाला कळायचं कारण नव्हतं, सगळ्यांचीच तोंडं ओली होती.

मॅच संपायच्या आधी तू उठलास, मला अंगठा दाखवलास आणि गेलास. बापाला अंगठा दाखवतात का रे?

अबोलीला मी काही विचारणार नाही. तुमचा कट तुमच्यापाशी. फक्त दोन ओळी लिही, की ऐकलं. आज इथे सुट्टी आहे, टपाल जात नाही. उद्या टाकतो.

बाबा


गुरुवार, २२ जानेवारी
शॉम्बर्ग

संग्राम,

तू नव्हतास.

मंगळवारी पत्र पेटीत टाकलं आणि संध्याकाळी सिया शाळेतून नाचत आली. "आजोबा, यू वर ऑन टीव्ही!" कुणीतरी तो तुकडा फोनवर फिरवलाय. बर्फात एक म्हातारा एका धिप्पाड माणसाच्या तोंडात लाडू घालतोय, आणि निवेदक हसतायत. मी म्हटलं, तो तुझा संग्राममामा. सिया म्हणाली, "नो, मामा वॉज ॲट होम. त्यानेच तर मॉमला टेक्स्ट केलं, बाबा टीव्हीवर दिसतायत म्हणून."

मी दोघांना समोर बसवलं. वेगवेगळं नाही, एकत्रच. तेवढा धीर उरला नव्हता.

यतीन म्हणाला, "बाबा, तो माणूस पोलिश आहे. छपरांची कामं करतो. वरच्या रांगेत वारा फार लागत होता म्हणून रिकामी सीट बघून खाली आला. जाताना जिन्यात भेटला मला. ओरडून ओरडून आवाज पार बसलेला. म्हणाला, तुमचे सासरे गेमबद्दल किती पॅशनेट आहेत!"

म्हणजे माझ्या बायकोच्या शपथेची गोष्ट मी एका छपरवाल्याला सांगितली आणि त्याला वाटलं, मी पंचांना शिव्या घालतोय. तो भला माणूस आहे. एवढं ऐकून घेतो कोण? पण लाडू तुझा होता. मिठीही तुझी म्हणून घेतली होती, ती आता कुणाला परत करू?

मग अबोली रडायला लागली आणि सगळं बाहेर आलं. चौथं तिकीट तुझं होतं. बेत तिचा. घरात समोरासमोर बसवलं तर दोघं ताटावरून उठून जातील, पण साठ हजार माणसांत, बर्फात, शेजारी शेजारी बसले तर कुठे जातील, असा तिचा हिशेब. तिचं डोकं आईवर गेलंय. तू ॲन आर्बरहून निघालास म्हणे. मिशिगन ओलांडलंस, इंडियानात शिरलास, तिथे पेट्रोल पंपावर थांबलास, आणि तिला मेसेज केलास, "रोड क्लोज्ड आहे, परत जातोय." नंतर घरी बसून मॅच बघितलीस. यतीन त्या पोलिश माणसाला हटकणार होता, पण मग सीट कुणाची ते मला कळलं असतं, म्हणून तिने त्याचा गुडघा दाबला.

रस्ता बंद नव्हता. मी यतीनला विचारून घेतलं. तो त्या दिवशीचा नकाशा काढून दाखवत होता, अबोली त्याला डोळ्यांनी गप्प करत होती.

तेव्हापासून मी याच गोष्टीवर अडून बसलोय. रागावलेला माणूस एकतर येतो आणि तोंडावर बोलतो, नाहीतर घरून हलतच नाही. अर्धा रस्ता येऊन मागे फिरत नाही. मागे फिरतो तो घाबरलेला. मी आयुष्यभर दारं ठोठावली आहेत. दाराआड श्वास धरून उभा राहिलेला माणूस मला बाहेरून कळतो. आणि तो माणूस कधीच नुसता रागावलेला नसतो, त्याच्याकडे काहीतरी असतं.

मला वाटत होतं, माझं काहीतरी तुझ्यापासून लपलंय. आता मला शंका येते की तुझंच काहीतरी माझ्यापासून लपलंय. काय आहे? नोकरी गेली? व्हिसा? तब्येत? अबोलीला माहीत नाही, ती खरं सांगतेय, तिला खोटं बोलता येत नाही हे भाताच्या डावावरूनच दिसलं.

मंगळवारचं पत्र तुला आज-उद्या मिळेल. त्यात शपथेचं लिहून गेलोय, तू ऐकलंयस असं धरून. आता ते परत घेता येत नाही. आईवर राग धरू नकोस. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. सरळ दे.

बाबा


मंगळवार, २७ जानेवारी
शॉम्बर्ग

चि. संग्राम,

तू काल पोचल्याचा फोन केलास. तीन वर्षांत पहिला. मी "बरं" म्हणालो आणि अबोलीकडे दिला, कारण मला फोनवर बोलता आलं नाही. कागदावर येतंय का बघतो.

शनिवारी दार मी उघडलं. तू खरंच दाढी ठेवलीयस. वाकून नमस्कार केलास, अबोलीशी बोललास, सियाला उचललंस, माझ्याकडे बघितलं नाहीस. मग यतीनच्या हातातलं खोरं घेऊन बाहेर गेलास, गाडीच्या वाटेवरचा बर्फ काढायला. कोणी सांगितलं नव्हतं. मी कोट चढवून मागे आलो. तू खोऱ्यावर खोरं उपसत होतास, आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणालास, "बाबा, मला माहीत होतं."

मला वाटलं, शपथेचं म्हणतोयस. पत्र मिळाल्यामुळे.

"तसं नाही. आईने मला फोन केला होता. तेव्हाच. तुम्ही औषधं आणायला गेला होतात. सगळं सांगितलं मला, रिपोर्टसकट. म्हणाली, यायचं नाही, डिफेन्स दे. आणि बाबांना कळू देऊ नकोस की तुला ठाऊक आहे. ते शपथ पाळतायत, पाळू दे. त्यांना तेवढंच करण्यासारखं आहे."

मग खोरं टाकून तू बर्फातच बसलास. म्हणालास, पंगतीत मामा सगळ्यांसमोर विचारत होता, काय रे, आई एवढी आजारी आणि तू आला नाहीस? आणि तुझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. मी मान खाली घातली, ते तू पाहिलंस. नंतर मला तोंड दाखवणं तुला जमेना. माझा फोन वाजला की तो तसाच सोडून खोलीबाहेर पळायचास, म्हणालास. इंडियानात पंपावरही तेच.

तुला हाताला धरून उठवलं आणि आत आणलं, तेवढंच. तू दोन दिवस राहिलास, आपण जेवलो, टीव्ही पाहिला, तू मला त्या खेळाचे नियम समजावलेस. मी मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारत होतो. मला नियम कळलेले होते.

आता लिहितो. मला राग आला आहे. खोटं वाक्य होतं हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं, तसं झालं नाही. त्या पंगतीनंतर नातेवाइकांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी तीन वर्षं सोसली, गावात, बँकेत, लग्नांत. तू एका शब्दाने ते थांबवू शकत होतास. हा राग जाईल. शनिवारी होता त्यापेक्षा आज कमी आहे. माफ केलं वगैरे मला म्हणता येत नाही, ते शब्द माझ्या तोंडी शोभत नाहीत. मी एप्रिलपर्यंत इथे आहे. तू दर पंधरा दिवसांनी यायचंस. हे विचारत नाहीये.

सुलभावरही रागावलोय. पहिल्यांदाच. एका घरात दोन पुरुषांना दोन वेगळ्या शपथा घालून बाई निघून गेली, आणि मी, ज्याच्यापासून तालुक्यात कुणाचं काही लपलं नाही, तिच्या उशाशी बसून औषधाच्या वेळा सांभाळत होतो. मला तेवढंच करण्यासारखं आहे, असं म्हणाली ना? बरोबर आहे तिचं. ते मला खरंही वाटतं आणि लागतंही.

पण संग्राम, शनिवारपासून मला झोप येत नाही ती या कशामुळेही नाही.

ती माझ्याशी आजारावर कधी बोललीच नाही. एवढे दिवस मी शेजारी होतो. मी विषय काढला की ती तुझ्या परीक्षेवर जायची. संग्रामचं झालं की बघू, संग्रामचं झालं की बघू. मी समजून चाललो होतो की तिला भीती वाटत नाही, बाई धीराची आहे. लोकांना तसंच सांगत आलो. आणि आता कळतं, की एक फोन असा होता ज्यात ती सगळं बोलली. तुझ्याशी. मी दुकानात रांगेत उभा असताना.

मी तपास करत नाहीये. तुझ्यावर शंकाही नाही. तू म्हणशील ते मी खरं मानेन. फक्त मला तो फोन सांग. ती कुठे बसून बोलत होती, सांगितलं का? आवाज कसा होता? माझ्यापुढे ती एकदाही रडली नाही. तुझ्यापुढे रडली का? ती घाबरली होती का रे?

बाबा